तीन हजार सीसी, साडेतीन शिटा

मुरूमच्या शंभुलिंगनं मोठ्या इंजिनाची गाडी का घेतली, हे त्याच्या बायकोला, महेश्वरीला, आजवर उमगलेलं नाही. कारण तसं साधं होतं. अवजारांचं दुकान टाकण्याआधी अठरा वर्षं त्यानं मुरूम-लोहारा लाइनीवर जीप चालवली होती. चढ आला की ती जीप धापा टाकायची आणि निम्म्या शिटा उतरवून ढकलायला लावाव्या लागायच्या. उतरलेली माणसं जे बोलायची ते त्यानं मुकाट ऐकलं. (त्यातलं काही कन्नडमधून असायचं, पण शिव्या कळायला भाषा यावी लागत नाही.) तेव्हाच त्यानं मनाशी ठरवलं होतं, की आयुष्यात एकदा तरी अशी गाडी घ्यायची, जिला बघून चढालाच घाम फुटेल.

यंदा सोलापूरहून त्यानं, सेकंडहँड का होईना, तीन हजार सीसीची गाडी आणली. पाय नुसता टेकवला की पाठ सीटला चिकटायची. उसाचे दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर ती एका दमात मागं टाकायची. इंजिनाचा तो खोल, भरल्या पोटाचा आवाज ऐकला की शंभुलिंगला आपणच वीतभर उंच झाल्यासारखं वाटायचं. पोट भरलेलं असायचं हेही खरंच, कारण ती खायचीही तशीच. पंपावरचा माणूस त्याला लांबूनच रामराम घालू लागला.

"आपल्याला बसायला गाडी घेतली, का गाडीला पोसायला आपण हाव?" महेश्वरी विचारायची.

"इंजिन मोठं हाय. लागणारच."

"मग त्या मोठ्या इंजिनाला सांगा, पोरीच्या लग्नात तरी कामाला ये म्हनावं."

ती वेळ लवकरच आली. त्यांची शिवरंजनी धाराशिवला फार्मसी शिकली. लोहाऱ्याचा शिवपुत्र तिच्याच वर्गात होता. दोघांनी आपापसात ठरवून टाकलं होतं, आता फक्त थोरांनी मान डोलवायची बाकी होती. मुलाच्या घरात शब्द चालायचा तो त्याच्या आजोबांचा, सिद्धारामअण्णांचा. अण्णांना म्हणे दोन गोष्टी खपत नाहीत. एक खोटं बोलणं, दुसरा बडेजाव. घर बघायला जायचा दिवस ठरला. महेश्वरी आदल्या दिवशीच एसटीनं लोहाऱ्यात बहिणीकडं पोचली आणि सकाळी तिनं फोनवर बजावलं, "गाडी गुमान दारात लावा. तिचं कौतुक सांगत बसू नका. पोरीच्या घशाखाली घास उतरंना काळजीनं. तुमच्या तोंडामुळं काय बिघडलं, तर घरात पाय ठिवू नका."

शंभुलिंग पांढरा सफारी घालून निघाला. गाडीत तो एकटाच. आता रिकामी गाडी पळवणं म्हणजे पाप, हा जीपवाल्यांचा धर्म. त्यात ही गाडी मैलामैलाला घोट घेणारी. मागच्या मोकळ्या सीटा त्याला आरशातून नुसत्या टोचत होत्या. येणेगूरच्या फाट्यावर एका म्हाताऱ्यानं काठी वर केली आणि शंभुलिंगचा पाय त्याला न विचारताच ब्रेकवर गेला.

"लोहारा?"

"बसा," हेही तोंडातून आपोआपच गेलं.

म्हातारा धोतर सावरत पुढं बसला. त्याच्या मागून धुळाप्पा आणि बानूबाई हे मेंढपाळ नवराबायको चढले. बानूबाईच्या कडेवर करडू होतं. (त्याचं शंभुलिंगनं मनातल्या मनात अर्धं शीट धरलं. सवय.) करडानं आल्या आल्या लेदरच्या सीटची चव घेतली.

म्हाताऱ्यानं गाडी वरखाली न्याहाळली, मग सफारी न्याहाळली. "मालकाची गाडी दिसती."

इथं शंभुलिंगनं 'माझीच' म्हणायला हवं होतं. पण एवढ्या गाडीचा मालक फाट्यावर शिटा भरतो, हे सांगायचं कोणत्या तोंडानं?

"व्हय, मालकाची."

"मानूस कसा हाय?"

"लई दिलदार. देवमानूस बघा." एवढं तरी आपल्यासाठी करावं, असं त्याला वाटलं.

"आन् त्या देवमानसाचं डिझेल जाळून तू शिटा भरतूस? लाज न्हाय वाटत?"

"ड्रायव्हर समदे असलेच," मागून बानूबाई म्हणाली. करडानं दुजोरा दिला.

"नाव काय मालकाचं? सांगतोच त्याला."

शंभुलिंगनं उत्तर म्हणून ॲक्सिलरेटर दाबला. तिघांच्या पाठी सीटला चिकटल्या, करडू धुळाप्पाच्या मांडीत गेलं आणि प्रश्न येणेगूरकडंच राहून गेला.

लोहाऱ्याच्या स्टँडवर म्हाताऱ्यानं पैसे पुढं केले. शंभुलिंगनं शरमेनं हात जोडले. "राहू द्या बाबा."

"म्हंजे डिझेल बी मालकाचं, आन् भाडं बी बुडीवलंस!" म्हातारा काठी आपटत बाजाराकडं वळला.

मुलाच्या घरी स्वागत झकास झालं. शंभुलिंगला बैठकीवर बसवलं, पुढ्यात चुरमुऱ्यांची गरम सुशीला आली. तो एक अक्षर बोलला नाही. बहिणीकडून आधीच येऊन बसलेल्या महेश्वरीच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांनी समाधान दिसलं. पहिला घास तोंडात गेला आणि दारात काठी वाजली.

"शरणु शरणार्थी," म्हणत म्हातारा आत आला आणि जागीच थबकला. "ह्यो हितं? मालकाच्या जागी?"

शंभुलिंग ताटलीसकट उठून उभा राहिला.

"बाई," म्हातारा महेश्वरीला म्हणाला, "तुमच्या ड्रायव्हरवर ध्यान ठिवा. वाटंनं शिटा भरतोय."

शिवपुत्रची आई घाईनं पुढं झाली. "मामंजी, ते पाव्हणे हायत. नवरीचे वडील!"

सिद्धारामअण्णा खाटेवर टेकले. "मग मालक कोन?"

"म्याच," शंभुलिंग म्हणाला. पोरीचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. "अण्णा, रिकामी गाडी न्हेववंना. डिझेल लई खाती. आन् मालक हाय म्हनायला लाज वाटली. चुकलं माझं. पन पोरगी माझ्यावानी न्हाय. आईवर गेलीया."

महेश्वरी भिंतीकडं बघत उभी राहिली.

"म्हंजे देवमानूस तूच?" अण्णांच्या मिशा हलल्या. "तुमीच?" मग ते पोट धरून हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "मोठ्या गाड्यांचे मालक लई बघितले. सोताला ड्रायव्हर म्हनवून घेनारा ह्यो पयलाच. खोटं बोलला, पन बडेजावापायी न्हाय बोलला. सोयरीक पसंत! मुरूमला जाऊन पोरगी आत्ताच बघू. गाडी तर दारात हाय."

बघता बघता घरातली नऊ माणसं गाडीत शिरली. मागं महेश्वरी कशीबशी मावली. अण्णा पुढं बसून फर्मावत होते, "सरका, अजून येक बसतंय!" गाडी निघाली. जेवळीजवळ एका बाईनं हात केला. शंभुलिंग या वेळी दात-ओठ खाऊन पुढं निघाला होता, पण अण्णांनीच स्टिअरिंगवर काठी मारून थांबवलं.

"घ्या तिला. सोयऱ्यांकडनं तुमाला भाडं कायच मिळायचं न्हाय."

बाई दाटीवाटीनं बसली आणि तिनं भाड्याचे पैसे पुढं केले. शंभुलिंगचा हात सवयीनं मागं वळला. अण्णांनी तो वरच्यावर अडवला.

"बाई, पैशे मागं त्या महेश्वरीबाईंकडं द्या," ते म्हणाले. "ड्रायव्हरच्या हातात दिले तर मालकापर्यंत पोचत न्हाईत."