यादीतली बिल्डिंग

रेडकर काकांना कोणाचं वय विचारलं तर ते साल सांगत नाहीत, आमदार सांगतात. माझा जन्म टँकरवाल्याच्या दुसऱ्या टर्मचा. माझा धाकटा भाऊ मौनीबाबाच्या काळातला. तळमजल्यावरच्या गायकवाड आजी कोणत्या काळातल्या असं मी एकदा विचारलं, तर काकांनी हात नुसता मागे उडवला. म्हणजे मतदारसंघ व्हायच्या आधीच्या.

ही नावं आमच्या भागाच्या आमदारांना काकांनी ठेवलेली आहेत. खरी नावं त्यांना पाठ आहेत, पडलेल्या आणि अनामत जप्त झालेल्या उमेदवारांसकट. पण ती ते उच्चारत नाहीत. टँकरवाल्याने पाण्याचे टँकर आणले म्हणून तो टँकरवाला. मौनीबाबा पाच वर्षं विधानसभेत एक शब्द बोलला नाही, असं काकांचं म्हणणं. आणि आत्ताचा बाकडेवाला. त्याने बोरीवलीच्या आमच्या भागात कोपऱ्याकोपऱ्यावर स्वतःचं नाव रंगवलेली बाकडी टाकली आहेत. काका त्यांवर बसतात, पण टेकत नाहीत. नाव पाठीच्या फळीवर आहे. टेकलं तर लोकांना वाटेल मी याचा माणूस, असं ते म्हणतात. गुडघे दुखणारा सत्तरीपुढचा माणूस तास तास ताठ बसलेला दिसला की समजायचं, रेडकर काका.

ते मूळचे मालवणकडचे. गिरणीत टाईम ऑफिसात होते, म्हणजे कामगारांचा हजेरीपट लिहायचे. गिरणी बंद पडली आणि ते बोरीवलीला आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायला आले. हजेरीपट गेला, म्हणून त्यांनी मतदार यादी धरली असावी. तळमजला आणि वर चार मजले, मिळून सोळा घरं. कोणाच्या घरी पाळणा हलला की बाकीचे पेढे खायचे आणि काका जन्मसालात अठरा मिळवून, यादीत नाव घालायचा फॉर्म सहा कधी भरायचा ते वहीत लिहून ठेवायचे. सून आली की नाव घालायचं. लेक सासरी गेली की काढायचं. "नोंद हवी," हे त्यांचं पालुपद. कोणी काही ऐकीव सांगितलं की लगेच, "नोंद आहे का?"

माझा फॉर्म सहा त्यांनीच भरून घेतला. मी इंग्रजी शाळेतली. चारचौघांत बोलायला मला तेव्हाही जमायचं नाही, आणि मराठी आकडे तर अजिबात नाही. काका मुद्दाम आकडे मराठीत सांगायचे. "भाग क्रमांक एकोणसत्तर. लिही." पेन माझ्या हातात तसंच. एकोणसत्तर म्हणजे साठीतला की सत्तरीतला, हे मी मनात इंग्रजीतून मोजत बसायची. काका वाट बघायचे. मग आईकडे बघून म्हणायचे, "पोर हुशार आहे हो वहिनी. फक्त साठाच्या पुढे हरवते."

इंग्रजीत सांगा ना काका, असं मी एकदा धीर करून म्हटलं. ते म्हणाले, "यादी मराठीत आहे गो. तू इंग्रजीत शोधत बसलीस तर मत टाकायच्या आधी मतदान संपेल."

आमच्या बिल्डिंगची भिंत कधी वीतभर हलली नाही, पण आम्ही तीन मतदारसंघांत राहिलो आहोत. आधी एक भलामोठा होता. त्याचे तुकडे झाले, मग पुन्हा फेररचना झाली आणि हद्द आमच्या मागच्या नाल्यावरून गेली. नाल्यापलीकडे डेअरी होती. डेअरीवाल्या पटेलभाईंशी काका रोज दूध घेताना राजकारणावर भांडायचे. फेररचना झाल्यावर त्यांनी भांडण बंद केलं. पटेलभाईंनी विचारलं, क्या हुआ रेडकरभाई, नाराज हो? काका म्हणाले, "तुमचा आमदार वेगळा. दुसऱ्याच्या घरात आपण का बोलायचं?" दूध मात्र तिथूनच घेत राहिले.

त्या नाल्यावर पूल हवा, ही आमच्या भागाची एकुलती एक मागणी. टँकरवाल्याने नारळ फोडला, मौनीबाबाने फोडला, बाकडेवाल्याने फोडला. पूल नाही. हद्द नाल्यावर आल्यापासून तर पूल नक्की कोणाचा, यावरच दोन्ही आमदारांचं अडलं आहे. काका तरी दर पावसाळ्यानंतर मागणीचं पत्र लिहितात आणि पोच घेतात. पोच घेतली की त्यांचा चेहरा पूल झाल्यासारखा होतो. आम्ही बाकीचे केव्हाच दमलो होतो. मी तर जन्मल्यापासून डेअरीला जायला वळसाच घालत आले.

मतदानाच्या दिवशी महापालिकेच्या शाळेबाहेर दोन पक्षांची टेबलं लागतात. काका स्वतःची प्लास्टिकची खुर्ची घेऊन मधोमध बसायचे. मांडीवर यादी, कानावर पेन्सिल. दोन्ही टेबलांवरून त्यांना चहा यायचा, कारण दोघांनाही वाटायचं हा म्हातारा आपला. आमच्यातलं कोणी मत टाकून आलं की काका नावापुढे टिंब काढायचे. अकरा वाजेपर्यंत कोणी आलं नाही तर बिल्डिंगखाली उभं राहून हाक मारायचे. माझे बाबा एकदा दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून गेले होते.

एकदा रांगेत एक अनोळखी माणूस आमच्या चौथ्या मजल्यावरच्या साळवींची मतदार चिठ्ठी घेऊन उभा होता. साळवी दोन महिन्यांपूर्वी वारले होते. काका खुर्चीवरून उठले नाहीत. फक्त सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यांच्या तेराव्याला मी जेवलोय." माणूस रांगेतून निघून गेला.

तेव्हापासून बिल्डिंगमध्ये कोणी गेलं की काका नाव वगळायचा फॉर्म सात स्वतः नेऊन द्यायचे. रेडकर काकी गेल्या तेव्हाही ते थांबले नाहीत. तेरावं झालं, चौदाव्या दिवशी फॉर्म दिला. बायका कुजबुजल्या, काय दगडाचं काळीज. काका आईला म्हणाले, "तिच्या नावावर दुसरं कोणी मत टाकून गेलं असतं, तर तिला चाललं नसतं."

मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. तीन वर्षांत नवीन घरं, असं ठरलं. सोळा घरं पांगली. कोणी विरारला, कोणी कल्याणला, आम्ही मुलुंडला. काकांची मुलगी सांताक्रूझला असते. तिने त्यांना बोलावलं. ते म्हणाले, सांताक्रूझ म्हणजे मतदारसंघ बदलतो. आणि आमच्या पाडलेल्या बिल्डिंगसमोरच त्यांनी एक खोली भाड्याने घेतली. पत्र्याच्या कुंपणावर स्विमिंग पुलात हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र होतं. तीन वर्षं उलटली. चित्राचा रंग उडाला, आत रान वाढलं, बिल्डर फोन घेईना. कंटाळून एकेकाने ठरवलं, निदान मत तरी आता राहतो तिथे द्यावं. आम्हीही ठरवलं.

पत्ता बदलायचा फॉर्म आठ मला मोबाईलवर भरता आला असता. पण आई म्हणाली, आपले फॉर्म आजवर काकांनीच दिलेत, त्यांना वाईट वाटेल. सगळ्यांच्याच घरी हेच ठरलं असावं. मी जाऊन आमचे तीन फॉर्म काकांच्या हातात दिले; भाऊ अजून शाळेत होता. त्यांनी चष्मा लावून एकेक तपासला, माझ्या मराठी अक्षराला नावं ठेवली आणि म्हणाले, देतो.

वर्ष गेलं. विधानसभा आली. नावं बोरीवलीलाच. आईने काकांना फोन केला. "सरकारी काम आहे वहिनी," ते म्हणाले, "वेळ लागतो. या वेळी इकडेच या." आणि भाग क्रमांक, अनुक्रमांक, खोलीचा दरवाजा कुठल्या बाजूला, सगळं सांगितलं.

म्हणून आम्ही मुलुंडहून बोरीवलीला गेलो, कुरकुरत. शाळेबाहेर पाहिलं तर आमची सगळी बिल्डिंग कुरकुरत उभी होती. कोणाचंच नाव हललं नव्हतं. विरारवाले सरकारी ऑफिसला शिव्या देत होते. गायकवाड आजींना त्यांच्या नातवाने कल्याणहून गाडीतून आणलं होतं. त्या उतरल्या त्या काकांवर बोट रोखूनच.

"काय रे रेडकर, माझे गुडघे बघ आणि तुझं सरकार बघ."

"माझं कुठलं सरकार, आजी. बसा."

त्या दिवशी त्यांनी एक नाही, सहा खुर्च्या आणल्या होत्या. मत देऊन कोणी लगेच गेलं नाही. पहिल्या मजल्यावरचीने दुसऱ्या मजल्यावरचीला, तू बारीक झालीस गं, म्हटलं. बाबा आणि साळवींचा मुलगा कुंपणाच्या फटीतून आत बघून आले. पिंपळ उगवलाय म्हणाले, बहुतेक आमच्या स्वयंपाकघरात. काका एकेक टिंब काढत होते. दर टिंबाला त्यांचा चेहरा उजळत होता.

ते पाणी आणायला उठले आणि मला म्हणाले, यादी धर जरा. यादीखाली एक प्लास्टिकचं फोल्डर होतं. पारदर्शक. सगळ्यात वर माझा फॉर्म होता, माझ्याच वाकड्या अक्षरातला. त्याखाली आईचा, बाबांचा, आणि जाड गठ्ठा. एकावरही पोचेचा शिक्का नव्हता.

काका पाण्याची बाटली घेऊन परत आले आणि माझ्या तोंडाकडे बघून थांबले. फोल्डर माझ्या हातातच होतं.

ते शेजारी बसले. खूप हळू बोलले. "गिरणी बंद झाली ना, तेव्हा शेवटच्या दिवशीही मी सगळ्यांची हजेरी मांडली. दुसऱ्या दिवशी पट माझ्याकडे होता गो. माणसं नव्हती." मग यादीच्या पानावर बोट ठेवलं. तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत, घरांच्या क्रमाने, सगळी नावं. "बिल्डिंग पाडली त्यांनी. इथे उभी आहे अजून. बघ."

मी बघितली. गायकवाड खाली, आम्ही तिसऱ्यावर, साळवी वर. दुसऱ्यावर, आपल्या घराच्या ओळीत एकटे रेडकर. मेलेल्यांची नावं काढताना या माणसाचा हात कधी अडला नव्हता. जिवंतांच्या नावांपाशी तो वर्षभर अडून बसला होता.

"चुकीची नोंद आहे, मला कळतं," काका म्हणाले. "पुढच्या आठवड्यात देतो सगळे. आज एकदा सगळे येऊ देत."

मी फोल्डर यादीखाली सरकवलं आणि यादी त्यांच्या हातात दिली. घरी जाताना आई म्हणाली, या ऑफिसवाल्यांची कमाल आहे, एक कागद वर्षभर हलत नाही. मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, सरकारी काम आहे, वेळ लागतो.

काकांनी शब्द पाळला. आठ दिवसांनी त्यांनी मला मोबाईलवर फोटो पाठवला. सोळांपैकी पंधरा घरांच्या पोचपावत्या, टेबलावर मजल्यांच्या क्रमाने मांडलेल्या. खाली काही लिहिलं नव्हतं. काही महिन्यांनी आमची नावं मुलुंडच्या यादीत आली. आई म्हणाली, झालं बाई एकदाचं. मला आनंद व्हायला हवा होता.

मग महापालिकांच्या निवडणुका लागल्या, मुंबई, विरार, कल्याण, सगळीकडे एकाच दिवशी. मतदानाच्या दिवशी सकाळी आठला माझा फोन वाजला.

"काय गो, उठलीस? लिहून घे." ते सावकाश, एकेक आकडा सुटा करून सांगू लागले. "पार्ट नंबर वन फाईव्ह नाईन. सीरियल सिक्स सेव्हन नाईन. आईचा त्याच्या आधीचा, बाबांचा त्याच्याही आधीचा. शाळेचं मागचं गेट. पुढच्या गेटला रांग चुकीची लागते."

मी पेन शोधत होते. मग माझ्या लक्षात आलं की मला मनात काही मोजावं लागलं नव्हतं.

"काका, तुम्ही इंग्रजीत सांगताय."

"घाई आहे. विरारवाले आणि गायकवाड आजी राहिल्यात अजून. आजींना तिकडे मत द्यायला तळमजल्यावरची खोली मिळणार आहे का, ते बघायचंय." त्यांच्यामागे रस्त्याचा आवाज येत होता. ते शाळेबाहेरच बसले असणार, खुर्ची घेऊन, कोणाच्या नावावर न टेकता.

मी विचारलं, "आणि तुमचं मत?"

"झालं की. पहिलाच होतो." फोनमध्ये यादीचं पान उलटल्याचा आवाज आला. "आता बरं झालंय गो. पान मोकळं आहे. नाव लगेच सापडतं."