वाकड्या करंगळीचा शोध

म्हातारं माणूस दिसलं की आमचे बबनतात्या आधी त्याची करंगळी बघतात. रामराम नंतर. नारायणगावच्या बाजारात एका आजोबांना वाटलं, हे भविष्य सांगतात. त्यांनी दोन्ही तळवे पुढं केले. तात्यांनी करंगळी पाहिली, "सरळ हाय," म्हणाले आणि चालू पडले. आजोबा बिचारे बाजारभर विचारत हिंडले, "सरळ म्हंजी चांगलं का वाईट?"

तात्या माझे बांधाशेजारी. एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त होऊन त्यांनी खोडदच्या रस्त्याला शेत घेतलं, त्यासोबत एक दगडी घर आलं. कुणा इंग्रजानं शेती करायला बांधलेलं. लोक अजून 'गोऱ्याचा मळा'च म्हणतात. तात्यांची बायको, आमच्या काकू, वारल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातली धान्याची कोठी हलवली, तेव्हा तिच्याखाली कोब्यात उमटलेला लहान मुलाचा पंजा दिसला. करंगळी बाहेर वाकलेली.

तेव्हापासून तात्या कामाला लागले. मुलगा नाशिकहून फोन करायचा, "पाडा ते, स्लॅबचं बांधू."

"आधी कोण कोण ऱ्हायलं व्हतं ते कळू दे. मग बघू."

मी एकदा म्हणालो, "तात्या, कळून करायचंय काय?"

त्यांनी शेतापलीकडच्या खोडदच्या अवाढव्य रेडिओ दुर्बिणीकडं बोट केलं. "ते आभाळात हुडकत्यात, त्यांना नाय इचारत कुणी. मी घरात हुडकतो तर लगेच येडा?"

गावोगावच्या म्हाताऱ्यांना गाठून तात्यांनी घराचे सगळे मालक शोधले. घोड्यावरून पडलेली मेम, कोंबड्या पाळणारा पारशी, मिरचीचा व्यापारी. एका दमात म्हणून दाखवायचे. पंजा साहेबाच्या पोरीचा, हा त्यांचा अंदाज; तरी करंगळ्या सगळ्यांच्याच तपासायचे. तिचं नावही त्यांनीच ठेवलं, बेबी. मी चप्पल घालून आत गेलो की ओरडत, "राव, बेबीच्या हातावर पाय देशाल!"

मागच्या हिवाळ्यात आम्ही जुन्नरला तात्यांचा चष्मा आणायला गेलो. दुकानात हमीदाबी नावाच्या एक आजी सुनेबरोबर नंबर काढायला आल्या होत्या. आजींनी काउंटरवर हात ठेवला आणि तात्या किंचाळले, "बेबी!"

सून चप्पल काढायच्या बेतात होती. मी मधे पडलो, घर, कोबा, पंजा सगळं सांगितलं. आजी आपल्याच करंगळीकडं बघत राहिल्या, मग खुदकन हसल्या.

"गोऱ्याचा मळा? माझे अब्बा खानसामा व्हते तिथं. साहेब गेला तरी आमी राखणीला ऱ्हायलो. कोबा वला व्हता, मी हात मारला. अब्बांनी लई झोडपलं मला!"

तात्यांना लोकांनी मालक तेवढे सांगितले होते. राखणाऱ्यांचं कुणी बोललंच नव्हतं.

तिथूनच त्या दोघींना गाडीत घालून आम्ही मळ्यावर आलो. आजी सुनेच्या आधारानं खाली बसल्या आणि त्या इवल्या पंजाशेजारी आपला सुरकुतलेला हात ठेवला. दोन्ही करंगळ्या एकाच बाजूला वाकलेल्या. तात्यांनी तिथल्या तिथं मुलाला फोन लावला.

"सापडली रं बेबी!"

"बरं झालं. म्हणजे आता पाडायला हरकत नाही ना?"

तात्यांचा चेहरा पडला. "पावणं आल्यात," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मग सावरून त्यांनी आजींना सगळे मालक ऐकवले. मेम, पारशी, व्यापारी. आजींनी मन लावून ऐकलं.

"आन् आता कोण कोण ऱ्हातं, भाऊ?"

तात्यांनी आतल्या खोलीकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं. इतकी माणसं तोंडपाठ असलेला हा माणूस पहिल्यांदाच अडखळला.

"मी... मीच हाय."

 आजी सुनेचा हात धरून उठल्या, ओट्यापाशी गेल्या, पदर खोचला.

"तवा कुठं ठिवलाय?" त्यांनी विचारलं. "आन् बसा तुमी. उभ्यानं जेवतं का कुणी?"