शरयूबाईंची लस आणि पोतनिसांचा आग्रह

“यंदा थंडीनं हिच्या वाटेला जाऊन दाखवावंच!”

शरच्चंद्र पोतनीस दिवाळीपासून हे वाक्य अख्ख्या माधवगंज मोहल्ल्याला ऐकवत सुटले होते. दूधवाल्याला ऐकवून झालं, देवळातल्या गुरुजींना ऐकवून झालं. कारणही तसंच होतं. बायकोला, शरयूबाईंना, दमा, आणि मागे एका हिवाळ्यात न्यूमोनियानं त्यांना असं काही धरलं होतं की स्वतःला नास्तिक म्हणवणाऱ्या शरच्चंद्रांनी चार देवांना नवस बोलून टाकले होते! त्यातून त्या उठल्या तेव्हा डॉक्टरांनी न्यूमोनियाविरुद्धची लस टोचली आणि बजावलं, “वर्षभरानं दुसरी घ्यायची, वेगळ्या प्रकारची. वय झालेल्यांचं आणि छातीच्या दुखणेकऱ्यांचं एकीवर भागत नाही.”

वर्ष भरलं. इंदरगंजातल्या औषधवाल्याकडे ती लस एकच उरली होती आणि पुढचा माल कधी येणार हे त्यालाही ठाऊक नव्हतं. शरच्चंद्रांची स्वतःचीही दुसरी लस बाकी होती. पण “माझं मागून बघू, आधी हिचं!” म्हणत ते बर्फाचा डबा मांडीवर घेऊन रिक्षातून असे आले, की जणू बारशाचं बाळच घेऊन आले. बाहेर धुकं, गारठा; म्हणून दवाखान्यातली नीलम सिस्टर घरी येऊन टोचणार होती. सगळं कसं चोख ठरलेलं!

फक्त पोतनिसांचा स्वभाव कुणी हिशेबात धरला नव्हता. त्यांचे पूर्वज दरबारात कारकुनी करत. दरबार गेला, मानमरातब गेला, आग्रह तेवढा राहिला. पाहुण्यासमोर जे येईल ते आधी पाहुण्याला विचारायचं. पाहुण्यानं दोनदा नको म्हणायचं. यजमानानं तिसऱ्यांदा गळ घालायची, ती केवळ रीत म्हणून. मग पाहुण्यानं हात जोडून “खरंच नको” म्हणायचं, की दोन्हीकडची अब्रू शाबूत! या नियमावर पोतनिसांच्या घरातला श्रीखंडाचा शेवटचा चमचा कितीतरी वेळा वाचला होता.

नीलम सिस्टर डबा उघडून बसली आणि दारात आवाज आला, “आहात का पोतनीस?” हरिशंकरपुरमचे महिपतराव शितोळे! सोबत सुलोचनाबाई. जुनी मैत्री, न कळवता यायचा हक्क. शितोळ्यांचे पणजोबा फौजेत होते, आणि महिपतराव वीज खात्यातून निवृत्त झाले तरी चालणं अजून कवायतीचंच होतं.

शरयूबाईंनी पोहे आणले. तिपाईवर एका बाजूला पोहे, दुसऱ्या बाजूला लस. महिपतरावांची नजर पोह्यांवरून सरकून लसीवर गेली. झालं! शरच्चंद्रांच्या अंगात पूर्वज संचारले.

“महिपतराव, आधी आपण घ्या!”

“काय, पोहे?”

“पोहे तर आहेतच. लस घ्या! न्यूमोनियाची आहे, दुसरी.”

“नको हो, वहिनींची आहे ना ती.”

“असं कसं? तुमचंही वय झालं की. घ्या!”

“नको, राहू द्या.”

दोन नकार पडले. शरयूबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की शहाणा माणूस तिथेच थांबला असता. पण रीत म्हणजे रीत. शरच्चंद्रांनी महिपतरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पूर्ण ताकदीनिशी तिसरा आग्रह केला, “माझी शपथ आहे तुम्हाला!”

आता शितोळ्यांच्या घरची रीत ऐका. दोनदा नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा, त्यातून शपथ घातली तर, मुकाट्यानं घ्यायचं. नाही घेतलं तर तो यजमानाचा अपमान! इतकी वर्षं मैत्री, पण हा फरक कधी उघड झाला नव्हता, कारण महिपतरावांना श्रीखंड आवडत नसे आणि ते पहिल्याच नकाराबरोबर ताटावर आडवे होत.

महिपतरावांनी स्वेटर काढला. बाही वर सरकवली.

शरच्चंद्रांचा खांद्यावरचा हात झटकन खाली आला. नीलम म्हणाली, “अंकल, ये तो आंटी का है!”

हीच संधी होती. “हो गं बाई, माझी चूक झाली,” एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण पाहुण्यानं बाही वर केली होती! शरच्चंद्र हसून म्हणाले, “अरे, आंटी का दूसरा आ रहा है ना! कल ही!”

नीलमनं डॉक्टरांना फोन लावला. मग त्यांच्या सांगण्यावरून महिपतरावांना विचारलं, “अंकल, पहला लगा है? एक साल हो गया?”

“हो गया,” महिपतराव ताठ बसून म्हणाले. ते खरंच होतं.

सुई टोचली. शरयूबाई पोह्यांच्या बश्या उचलून आत गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर शरच्चंद्रांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंदरगंजातलं एकेक दुकान पालथं घातलं. “स्टॉक में नहीं है, बाबूजी.” मुलगा केदार भोपाळला, त्याला फोन केला, तर तो ओरडलाच, “बाबा, वॅक्सिन कोण ऑफर करतं यार! चहा आहे का तो? थांबा, मी इकडे पता करतो.”

तेवढ्यात सुलोचनाबाईंचा फोन. “भाऊजी, ह्यांचा दंड दुधीभोपळ्याएवढा सुजलाय! ताप पण चढलाय! डॉक्टर म्हणे, दुसरी लस इतक्या लवकर परत कशाला लगवली?”

“परत?”

“मग! ह्यांची दुसरी महिन्याआधीच लागली होती ना!”

“अहो, मग ते बोलले का नाहीत?”

“तुम्ही शपथ घातलीत! म्हणाले, पोतनिसांचं मन कसं मोडायचं?”

म्हणजे ज्यांना नको होती त्यांना दिली, ज्यांना हवी होती त्यांची गेली, आणि दोघंही पुरुष एकमेकांचं मन राखत बसले!

आठवड्याभरात शरयूबाईंना खोकला सुरू झाला. मग ताप. मग एका सकाळी चहाचा कप धरून त्या बसल्या आणि त्यांना श्वासच पुरेना. दवाखान्यात त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला. शरच्चंद्रांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं, लहान मुलासारखं.

“हे बघा,” डॉक्टर म्हणाले, “लस लागली असती तरी इतक्या दिवसांत तिचा पुरता असर झाला नसता. आजारी पडल्याच नसत्या, असं कोणीच नाही सांगू शकत. पण…”

त्यांना कोणी तरी हाक मारली आणि ते निघून गेले. ते “पण” शरच्चंद्र पुढचे सगळे दिवस उशाशी घेऊन बसले. घरी येऊन त्यांनी देवापुढे दिवा लावला आणि चक्क रडले. लाज वाटली नाही.

शरयूबाईंचा मास्क निघाला त्या दिवशी महिपतराव आले. सूज उतरली होती, मान मात्र खाली होती.

“चूक माझी आहे, पोतनीस.”

“छे, छे! चूक माझी.”

“असं कसं? मी बोलायला पाहिजे होतं.”

“नाही, नाही, ही चूक माझीच!”

“दोघं बाहेर जा,” शरयूबाई क्षीण आवाजात म्हणाल्या, “आणि तिथे वाटून घ्या.”

महिपतराव गेले. शरच्चंद्र परत आत आले आणि स्टुलावर टेकले. केदारनं भोपाळमध्ये लस शोधली होती. तब्येत सावरली की डॉक्टरांना विचारून टोचायची, असं ठरलं होतं. ते सगळं त्यांनी बायकोला भरभर सांगितलं. त्या ऐकत होत्या.

“शरयू, मी फार मोठी चूक केली गं.”

“मला एकदा विचारायचं होतं,” त्या म्हणाल्या. “कदाचित मीच म्हटलं असतं, द्या त्यांना. पण तुम्ही त्यांना तीनदा विचारलं, मला एकदाही नाही. इतकी वर्षं झाली, तुमच्या घरात पाहुणी म्हणून आले असते तर बरं झालं असतं.”

काहीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून शरच्चंद्र गडबडीनं उठले, स्टूल पुढे केलं आणि बिछान्यात झोपलेल्या बायकोला म्हणाले, “बसा ना!”

शरयूबाईंना हसू फुटलं. शरच्चंद्रही हसले, कितीतरी दिवसांनी. आणि हसता हसता शरयूबाईंना खोकल्याची उबळ आली. ती लवकर थांबेना. शरच्चंद्र एका हातानं त्यांची पाठ चोळत राहिले, आणि दुसऱ्या हातातलं स्टूल खाली ठेवायचं त्यांना सुचलंच नाही.