मेश्रामजी आणि बाईचं नाव

वास्तुशांतीला आलेला माणूस नव्या घरात काय बघतो? टाइल्स बघतो, बाल्कनी बघतो, नळ सोडून पाहतो आणि मनातल्या मनात म्हणतो, याच्यापेक्षा आमचं किचन मोठं आहे. मेश्रामजी यातलं काही बघत नाहीत. दारात चपला काढता काढताच ते विचारतात, "इंडेक्स टू कुठी आहे?"

इंडेक्स टू म्हणजे रजिस्ट्री झाल्यावर मिळणारा कागद. घर कोणी विकलं, कोणी घेतलं, सगळं त्या पानावर असतं. लोक तो फायलीत टाकतात आणि विसरून जातात. मेश्रामजी तो शोधायला लावतात, चष्मा कपाळावरून खाली ओढतात आणि घेणाऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून उभ्या उभ्या वाचतात. तिथे बाईचं नाव असलं तर "जमलं!" म्हणून पंगतीत बसतात आणि वडाभातावर तीन तीनदा फोडणीचं तेल मागून घेतात. नसलं तर ग्लासभर पाणी पितात आणि चालू पडतात.

आमच्या हिंगण्याच्या कंपनीतल्या भोयरनं घर घेतलं, तेव्हा माझ्या सांगण्यावरून त्यानं मेश्रामजींना बोलावलं. कागदावर नावं तीन. भोयर, त्याचा बाप आणि त्याचा भाऊ. मेश्रामजी भोयरच्या बायकोकडे वळले.

"वहिनी, तुमी इथीच राह्यता का?"

"हव ना काकाजी, इथीच राहतो."

"भाड्यानं?"

पंगतीत वाढणाऱ्याचा हात वरच्या वर थांबला. भोयर पुढे सहा महिने कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसला नाही.

मेश्रामजी दस्तलेखक आहेत. रजिस्ट्री ऑफिससमोर टिनाच्या शेडखाली त्यांचा टेबल. पूर्वी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे, पण बोटं अजून तशीच आपटतात आणि ओळ संपली की डावा हात सवयीनं हवेत जातो. घर घेणाऱ्याला सरकारकडून जे जे म्हणून मिळतं ते त्यांना तोंडपाठ. पहिल्या घराला व्याजात सवलत केव्हा, बाईच्या एकटीच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात सूट किती, कर्जाच्या व्याजावर इन्कम टॅक्समध्ये वजावट कुणाला, घराचा कार्पेट एरिया किती चौरस मीटरच्या आत पाहिजे. आपण नुसतं "फ्लॅट बघतोय" म्हणायचा अवकाश, माणूस सुरू.

"सरकार म्हंजे सासरा हाये भाऊ," ते सांगतात. "देते. पण मागतल्याशिवाय देत नाही, आन् मागतलं का तोंड वाकडं करते. मंग काय मागाचं सोडाचं?"

त्यात माणूस महाखवट. व्याजाच्या सवलतीसाठी एक प्रतिज्ञापत्र लागतं, की माझ्या कुटुंबाच्या नावानं देशात कुठेही पक्कं घर नाही. लोक त्यावर डोळे झाकून सही करतात. मेश्रामजी उलटतपासणी घेतात. एकजण म्हणाला, गावी घर आहे, पण पडकं आहे, एक भिंतच नाही. "कोनती भिंत?" मेश्रामजींनी विचारलं. आणि रविवारी एसटीनं त्या गावाला जाऊन, भिंत खरंच पडली आहे की नाही ते बघून आले. येताना त्या घरच्यांनी दिलेली वांगीही आणली. वांग्याचे पैसे देऊन. खोटा कागद माझ्या टेबलावरून जाणार नाही, हा त्यांचा बाणा. हे लक्षात ठेवा.

मी बेसा भागात वन बीएचके घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यांच्याकडेच गेलो.

"नाव?" कीबोर्डवर बोटं ठेवून त्यांनी विचारलं.

मी माझं नाव सांगितलं. बोटं हललीच नाहीत.

"बाईचं सांगा. फक्त वहिनीचं टाका. शुल्कात एक टक्का वाचते."

"आणि माझं?"

"तुमचं रेशन कार्डावर आहे, आधारवर आहे, लाइटच्या बिलावर येईन. अजून किती ठिकानी पाह्यजे?"

आता खरं सांगतो, मला ते झेपलं नाही. एक टक्का कोणाला नको असतो? पण आमची आई आधीच म्हणून बसली होती, "सुनेच्या नावानं घर म्हंजे तू का घरजावई झाला का रे?" मी चाचरत म्हणालो, "दोघांचं टाकलं तर मिळते का सूट?"

"नाही भेटत. एकटीचं पाह्यजे."

"मग कशाला दोघांचं? माझ्या एकट्याचंच टाका. वर्षाला तरी सहीसाठी सुट्टी टाकावी लागणार नाही."

वर्षा माझी बायको. बाजूच्या बाकड्यावर कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती काही बोलली नाही. मेश्रामजींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग वर पंख्याकडे पाहिलं. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि एक छापील फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"तुमच्यासारख्या लोकाइसाठीबी सरकारनं स्कीम काढून ठेवली हाये."

दांपत्य सहनाव प्रोत्साहन योजना, नमुना सतरा. नवरा-बायको दोघांच्या नावानं घर घेतलं की काही रक्कम थेट खात्यात. किती? "कार्पेटवर अवलंबून हाये." मला बरं वाटलं. माझं नावही राहतंय आणि वरून पैसेही येतायत, आणखी काय पाहिजे? वर्षाचं नाव दस्तात गेलं.

फॉर्म मात्र जरा अजब होता. नाव, वय, उत्पन्न हे ठीक. पण पुढे विचारलं होतं, "घरात पाणी कोण भरते?" त्याखाली, "पत्नीच्या माहेराहून आलेल्या वस्तू कोणत्या?" आणि त्याहून खाली, "या घरासाठी पत्नीच्या अंगावरचे सोने किती मोडले? खरे लिहावे." सरकारी फॉर्मवर 'खरे लिहावे' मी जन्मात पहिल्यांदा वाचलं. मी वर्षाला विचारलं. ती म्हणाली, "दोन बांगड्या आन् गोफ. तुमीच तं नेले होते." मी ते लिहिलं. घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "हे पैसे आले की पहिले तुझ्या बांगड्या. बाकी ग्रिल, पडदे मागून."

पैसे येईनात.

तीन महिन्यांनी विचारलं तर मेश्रामजी म्हणाले, "फाइल वर गेली." सहा महिन्यांनी, "साहेब बदलले." वर्षभरानं, "आचारसंहिता लागली." आपल्याकडे ती केव्हाही लागलेली असते, त्यामुळे मीही मान डोलावून परत यायचो. वर्षा कधी विचारायची नाही. पण दुसऱ्या वर्षी तिच्या चुलतबहिणीचं लग्न आलं आणि ती हातभर काचेच्या बांगड्या घालून आरशासमोर उभी राहिली, तेव्हा मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून नमुना सतराची झेरॉक्स घेऊन मी रजिस्ट्री ऑफिसच्या खिडकीवर गेलो.

खिडकीतल्या मॅडमनी कागद उलटा केला, सुलटा केला आणि हसल्या.

"भाऊ, अशी स्कीमच नाही. हा फॉर्म आमचा नाही. या महिन्यात तुमी तिसरे आले."

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. पडकी भिंत बघायला एसटीनं जाणारा माणूस, आणि मला दोन वर्षं येड्यात काढून राहिला! तो शेडखाली नव्हता. मी गाडीला किक मारली आणि तडक सक्करदऱ्याला, तलावाच्या मागे त्याच्या खोलीवर गेलो. आज सोडायचं नाही, रस्त्यावर उभं करून विचारायचं, असं ठरवूनच.

दार त्यांच्या बहिणीनं उघडलं. कौसल्याताई. मेश्रामजींनी लग्न केलं नाही, दोन खोल्यांत ही दोघंच भावंडं. पुढच्या खोलीत ताईंची शिलाई मशीन.

"दादा वास्तूले गेला हाये कोनाच्या तरी. येईनच. बसा नं."

मी बसलो नाही. कागद पुढे केला आणि जे बोलायचं ते ताईंनाच बोलून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फॉर्म वाचला, आणि सोन्याच्या प्रश्नावर बोट ठेवलं.

"हे मले माहीत नोव्हतं," त्या म्हणाल्या. "फॉर्म छापते हे माहीत होतं. हे असं विचारते हे नोव्हतं माहीत."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या नवऱ्यानं घर घेतलं तेव्हा यांचं सगळं सोनं गेलं होतं, आणि हप्ते या मशीनवर फेडले होते. दस्त टाइप केला तो मेश्रामजींनी.

"मी बाजूलेच बसली होती. दादानं माह्या नवऱ्याले विचारलं, बाईचं नाव टाकू का? ते बोल्ले, कशाले? तं दादाबी बोल्ला, बरोबर हाये, फालतू एक फोटो लागते, सही लागते, उशीर होते. आन् हसले दोघं. मीबी हसली."

"मग?"

"मंग बारा वर्सानं एक मानूस कुलूप घेऊन आला. बोल्ला, बाई, सामान काढा, घर आमी घेतलं. नवऱ्यानं इकून टाकलं होतं आन् निघून गेला होता. माही सही कुठी लागतच नोव्हती नं भाऊ. तो दस्त पाहाले दादा गेला तं तिथी त्यानंच टाइप केलेलं पान होतं. एकच नाव." त्यांनी फॉर्मची घडी घातली. "मी त्याले कधी एक शब्द बोल्ली नाही. बोल्ली असती तं बरं झालं असतं, असं आता वाटते. तुमचे पैसे काही येनार नाही, भाऊ. पन तुमच्या घराले कोनी कुलूप लावाले आलं, तं वहिनीले विचारा लागन."

मी खाली बसलो. माझ्या डोळ्यांसमोर बाकड्यावर पिशवी घेऊन बसलेली वर्षा आली. "माझ्या एकट्याचंच टाका" असं मी म्हणालो होतो आणि ती काही बोलली नव्हती. लाज वाटली, साफ सांगतो.

तेवढ्यात मेश्रामजी आले. त्यांच्या मागे एक जोडपं होतं, नवंच लग्न झालेलं असावं. वास्तूच्या पंगतीत पकडून आणलेलं दिसत होतं. मेश्रामजींनी मला पाहिलं, बहिणीच्या हातातला कागद पाहिला, आणि हा बडबड्या माणूस दारातच थांबला. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसू लागला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसू लागला.

त्या नवऱ्याला यातलं काय कळणार? ताईंच्या हातातल्या कागदावरचा 'नमुना सतरा' वाचून तो मलाच म्हणाला, "तुमीबी भरला होता का भाऊ हा फॉर्म? काकाजी म्हनून राहिले, दोघांच्या नावानं घेतलं तं सरकार पैसे देते. खरंच भेटते का? नाही तं मी माह्या एकट्याच्याच नावानं करतो, कशाले झंझट."

त्याची बायको उंबऱ्याच्या बाहेरच उभी होती. हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत होती. मेश्रामजी मान वर करीनात. कौसल्याताई माझ्याकडे बघत होत्या. घरी जाऊन वर्षाला बांगड्यांचं काय सांगायचं तेही मला ठाऊक नव्हतं, आणि समोर हा पोरगा उत्तराची वाट बघत उभा.

"भेटते," मी म्हणालो. सरकारच्या वतीनं मी आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलत होतो, त्यामुळे आवाज जरा चढलाच. "वेळ लागते, पण भेटते. दोघांचं नाव टाकून घ्या. आणि फॉर्म तुमी नका भरू. वहिनींना भरू द्या."

मेश्रामजी पुटपुटले, "पेन... पेन आनतो," आणि लगबगीनं मागच्या खोलीत गेले. पेन त्यांच्या खिशालाच होतं. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आत नळाचा आवाज येत राहिला.

"बस वं पोरी, अशी बाहेर काहून उभी?" कौसल्याताईंनी त्या मुलीला आत घेतलं आणि मशीनवरचे कपडे बाजूला सारून जागा केली. "येते तो. तोंड धुऊन राहिला."