डब्यातली डिस्क बदलण्याबाबत

विषय : शुक्रवार पेठेतील राहत्या घरी, टीव्हीखालच्या फळीवरील डब्यातून जुनी डिस्क काढून नवी बसवणे.
संदर्भ : चिरंजीव अमरेश यांचा पुण्याहून आलेला फोन. "अप्पा, मी येईपर्यंत त्याला हात लावू नका."

संदर्भ वाचूनही विषय हाती घेतला, इथेच रुद्रप्पांचं चुकलं. पण चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला आलेलं पार्सल नुसतं ठेवून देणं जमत नाही. आलं की पुढे सरकवायचं, एवढंच त्याला येतं.

डब्यात दोन डिस्क होत्या आणि घरातले सगळे फोटो, व्हिडिओ, गाणी दोन्हींत जशीच्या तशी होती. एक मूळ प्रत, एक कार्यालयीन प्रत, असं रुद्रप्पांनी समजून घेतलं होतं आणि ते बरोबरच होतं. (पुढे जे घडलं ते अज्ञानातून घडलं नाही, याची नोंद घ्यावी.) नातवंडांच्या व्हिडिओंनी डबा भरला, म्हणून अमरेशने मोठी डिस्क कुरिअरने पाठवली. एक जुनी काढायची, तिच्या जागी नवी घालायची, मग उरलेली जुनी नवीला सगळा मजकूर उतरवून देते. म्हणजे बदलीच्या वेळचं चार्ज देणं-घेणंच. रुद्रप्पांनी नोकरीत अकरा वेळा चार्ज दिला होता आणि अकरा वेळा कपाटाची किल्ली सापडली नव्हती.

शुक्रवारी सकाळी दहाला त्यांनी नव्या डिस्कवर भस्माची तीन बोटं ओढली आणि ती बसवली. काढलेल्या जुन्या डिस्कवर 'निकामी' अशी चिठ्ठी डकवून ती स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ठेवली. पडद्यावर आलं : बारा तास लागतील.

"नीट होतंय न्हवं?" पत्नी दाक्षायणीबाईंनी विचारलं. "परवा बारसं हाय. अव्वाचं गाणं त्यातच हाय."

अव्वा म्हणजे त्यांच्या आई, पार्वतम्मा. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांनी म्हटलेला कानडी पाळणा दाक्षायणीबाईंनी फोनवर घेतला होता. तो फोनही पुढे गेला. आता ते गाणं जगात फक्त या डब्यात होतं, आणि रविवारी लेकीच्या, दानेश्वरीच्या बाळाला पाळण्यात घालताना तेच लावायचं ठरलं होतं.

"दोन प्रती आहेत," रुद्रप्पा म्हणाले. "काळजी कसली?"

संध्याकाळी पावणेसहाला ते उठले. ऑफिसात रोज पावणेसहाला अख्ख्या शाखेचे दिवे-पंखे तेच बंद करत. शिपायावर त्यांचा भरवसा नव्हता. निवृत्तीनंतर ती फेरी घरात चालू झाली. मिक्सरचं बटण, कूलरचं बटण, टीव्हीखालचं बटण. सगळं बंद करून ते सिद्धेश्वराच्या देवळात गेले आणि गाणं नीट उतरू दे म्हणून देवापुढे हात जोडून आले.

शनिवारी सकाळी डबा चालू केला तर लाल दिवा. आतून कट् कट् असा आवाज येत होता. रुद्रप्पांनी ती कटकटणारी, आत उरलेली जुनी डिस्क पिशवीत घातली आणि कोपऱ्यावरच्या सलमानच्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेली. त्याने ती मशीनला लावली, कान देऊन ऐकलं आणि डॉक्टरसारखी मान हलवली. "चाचा, ये तो गई."

मग मुलाला फोन करण्यावाचून इलाज उरला नाही.

"अप्पा, काय केलं?"

"सगळं नियमाने केलं."

"मधेच बंद केलं का?"

"मधेच नाही. पावणेसहाला."

कारणे दाखवा नोटीस देताना साहेबांचा लागायचा, तसा अमरेशचा आवाज लागला. "नवीत अजून अर्धवटच उतरलंय," तो म्हणाला. "आधी काढलेली जुनी आहे ना? ती परत घाला. तिच्यात सगळं आहे."

कट्ट्यावर ती नव्हती. रुद्रप्पांनी शेंगाचटणीची बरणी हलवली, पिठाचा डबा हलवला.

"अहो, काय शोधालाय?"

"काही नाही."

"काही नाही ते मिक्सरच्या मागं कोण ठेवतंय?"

रुद्रप्पांनी सांगून टाकलं. दाक्षायणीबाई पाटावर बसल्या. "म्हंजे अव्वाचं गाणं गेलं?" एवढंच, हळू आवाजात. छत्तीस वर्षांच्या संसारात तो आवाज रुद्रप्पांनी एकदाच, दवाखान्याच्या पायऱ्यांवर ऐकला होता. त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कट्ट्यावर चिठ्ठी लावलेली एक..." ते कसंबसं म्हणाले.

"ते व्हय? निकामी म्हणून तुमीच लिवलंय की ओ! गच्चीवर नेलं म्या. वजनाला."

दोघं जिना चढले. कुरडयांच्या फडक्याच्या तीन कोपऱ्यांवर तीन विटा आणि चौथ्यावर कार्यालयीन प्रत, बेचाळीस अंशांच्या उन्हात. हात लावला तर चटका बसला. दाक्षायणीबाईंनी ती पदरात धरून खाली आणली.

"कूलरपुढे धरू?" रुद्रप्पांनी विचारलं.

"पाणी उडतंय त्यातनं. तुमी लांब बसा."

तासाभराने ती निवली. मग अमरेशला फोनवर घेऊन बाईंनीच ती पुसली, घातली, बटण दाबलं. रुद्रप्पा दारात उभे राहून मनात पंचाक्षरी मंत्र म्हणत होते. हिरवा दिवा लागला.

पार्वतम्मांचा आवाज घरात भरला. दोन ओळी. तिसरीला सुरुवात होणार तोच त्या जोरात म्हणाल्या, "अळियंद्र, मुट्टब्याड्री!" जावईबापू, हात लावू नका! आणि खट्ट. गाणं संपलं. त्या दिवशीही फोन उगाच चालू दिसला म्हणून रुद्रप्पांनी तो बंद केला होता. ते विसरले होते. बाई विसरल्या नव्हत्या.

रविवारी त्या दोन ओळी सोळा वेळा लावल्या. बाळ तिसऱ्या वेळेलाच झोपलं. पाचव्या वेळेपासून मात्र पाळण्याभोवतीच्या सगळ्या बायका "मुट्टब्याड्री" एका सुरात म्हणू लागल्या, आणि म्हणताना रुद्रप्पांकडे बघू लागल्या.

त्याच संध्याकाळी दाक्षायणीबाईंनी सांगितलं, यापुढे डब्याला हात लावायचा तर लेखी अर्ज द्यायचा. त्या रागाने बोलल्या होत्या, पण रुद्रप्पांनी अर्ज दिला. विषय, संदर्भ, दोन डिस्क पुन्हा जुळवण्याची परवानगी मिळणेबाबत, कळावे, आपला नम्र.

त्याला आज तीन आठवडे झाले. अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गूळ, रवा आणि तुरीची डाळ लिहिलेली आहे. ते सामान रुद्रप्पांनी आणून दिलं. अर्ज प्रलंबित आहे.