आचारसंहितेतली वाटी

लग्नात लोक नवरीकडे बघतात, शालिग्रामभाऊ खुर्च्या मोजतात. रिठदच्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना, मुठीत अक्षता धरून ते माझ्या कानाशी पुटपुटले, "साडेतीनशे, सर. कव्हरवाल्या वेगळ्या धरा." मुलीच्या बापाला वाटलं भाऊ आशीर्वाद देताहेत. त्यानं दुरून हात जोडले.

भाऊ इथे मंगरूळपीरला सरकारी कचेरीत कारकून आहेत, मी शाळेत मास्तर, आणि आमची घरं समोरासमोर. निवडणूक आली की सरकार आम्हाला एका जीपमध्ये बसवतं आणि उमेदवारांचा खर्च तपासायला पाठवतं. सभेत काय काय दिसलं ते लिहायचं, सरकारी दरपत्रकातल्या दरानं गुणायचं, आणि उमेदवारानं दिलेल्या हिशेबाशी ताडून बघायचं. मला हे काम वाटतं, भाऊंना ते व्रत वाटतं. मागे एका पुढाऱ्याला क्रेननं हार घातला. सगळं गाव पुढाऱ्याकडे बघत होतं, भाऊ क्रेनकडे. "हार गुलाबाचा," ते म्हणाले, "पन खरा खर्च वरतं लटकून राह्यला."

दरपत्रक त्यांना तोंडपाठ आहे. पोहे, फेटा, भोंग्याचा ऑटो, ढोलवाला. त्यांचं एक लाडकं वाक्य आहे: "दर नाही अशी वस्तूच नसते, सर. आपन शोधत नाई, एवढंच."

स्वतःलाही ते यातून सूट देत नाहीत. सरकारी नोकरानं भेटी घेऊ नयेत, म्हणून बाहेरून घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूची त्यांच्याकडे नोंदवही आहे. कुणी दिलं, काय दिलं, अंदाजे दर, परतफेड कशी केली. माझ्या मुलीच्या वाढदिवसाचा केक त्यांनी खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वजनाची केळी आणून दिली. ही वही त्यांनी कुणाला दाखवल्याचं मला आठवत नाही.

तीन वर्षांपूर्वी भाऊंच्या पत्नी, सुमनवहिनी गेल्या. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून शेजारच्या कौसाबाई रोज सकाळी एक वाटी भाजी पाठवतात. गावाबाहेर त्यांची वांग्या-मेथीची बागायत आहे, आणि वहिनींची त्यांच्याशी जुनी मैत्री. वाटी रिकामी परत करायची नाही, ही आपली रीत. म्हणून भाऊंकडून कधी गूळ जायचा, कधी शेंगदाणे. दोन्ही घरांच्या वाट्या वर्षानुवर्षं इतक्या फिरल्या होत्या, की कुणाची कुठली ते फक्त कोरलेल्या नावावरून कळायचं.

यंदा कौसाबाईंची सून नगरपालिकेला उभी राहिली.

भाऊंनी तत्काळ साहेबांना अर्ज दिला: 'सदर उमेदवाराच्या सासूकडून अर्जदारास गेली तीन वर्षे दररोज एक वाटी भाजी प्राप्त होत आहे. सबब सदर प्रभागातून अर्जदारास वगळण्यात यावे.' साहेब पोट धरून हसले. म्हणाले, भाजीसाठी ड्युटी बदलायची तर पथकात कुणीच उरणार नाही.

ड्युटी बदलेना, तेव्हा भाऊंनी भाजी बंद केली. दुसऱ्या दिवशी कौसाबाई वाटी घेऊन आल्या, तर ते दारात हात मागे बांधून उभे.

"आचारसंहिता लागली, वयनी."

"मंग? वांग्यात काय मी चिन्ह भरलं का?"

"निकालापर्यंत नको."

"अन् खासान काय तुमी?"

पुढचे वीस दिवस भाऊंच्या स्वयंपाकघरातून करपलेल्या खिचडीचा वास येत होता.

त्यात भर पडली चहाची. कौसाबाईंच्या अंगणात कार्यकर्ते जमले, आणि आमची जीप समोर थांबली. भाऊंनी बेचाळीस कप मोजले.

"माही म्हैस, माहं दूध, माही चूल!" कौसाबाई कडाडल्या. "खर्च कायचा?"

"घरचा असला तरी प्रचारातला चहा लिहा लागते, वयनी."

"लिव्हा! सुमन असती तर तुमाले तोंड दाखवाले जागा ठेवली नसती." आणि त्यांनी बोलणं टाकलं.

एक वाटी मात्र भाऊंकडे अडकली होती. भाजी बंद होण्याआधी शेवटची आलेली. भरून परत करावी तर उमेदवाराच्या घरी भेट दिल्यासारखं, रिकामी द्यावी तर रीत मोडते. ती खिडकीत, घासून पालथी घातलेली. मी उचलून पाहिली, तर नाव 'सुमन'.

"भाऊ, ही तर तुमचीच. द्यायचा प्रश्नच नाही."

"वाटी माही हाये," ते म्हणाले, "पन द्याचा नंबरही माहाच हाये ना." मग त्यांनी ती माझ्या हातातून घेऊन पुन्हा पालथी ठेवली. "निकालानंतरही वयनीनं पाठवनं बंदच ठेवलं तं, सर?"



सून थोडक्यात पडली. आचारसंहिता उठल्याचं कळलं, तशी भाऊंनी शिरा केला, त्याच वाटीत भरला आणि मला बळंच सोबत नेलं. कौसाबाई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"शिरा हाये," भाऊ म्हणाले. "खालून जरासा लागला."

"वहीत लिवला?"

"गेलेलं लिवत नाई. आलेलंच लिवतो."

कौसाबाईंनी चिमूटभर तोंडात टाकला. बराच वेळ चावला. "बाप्पा! ह्याच्यापरीस बेचाळीस कपाचा दंड बरा होता," म्हणाल्या, आणि पदर तोंडाशी धरला. हसत होत्या की काय, ते मला कळलं नाही. मग आत गेल्या, वाटी धुतली, वांग्याची भाजी भरून आणली. "जेवा अगोदर. हाडं दिसून राह्यले."

भाऊ घरी येऊन थेट ताटावर बसले. "सर, तेवढी नोंद करा. माहे हात भरले."

मी पहिल्यांदाच ती वही उघडली. माझ्या केकला दर होता, साहेबांच्या दिवाळीच्या पेढ्याला होता, किन्हीराजाहून मेव्हण्यानं आणलेल्या हुरड्यालाही होता. फक्त कौसाबाईंच्या नावापुढे, तीन वर्षांच्या पानापानांवर, कचेरीतल्या त्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'दर उपलब्ध नाही.'

मी तारीख घातली. एक वाटी, वांग्याची भाजी. दराच्या रकान्याशी थांबून भाऊंकडे पाहिलं. ते बोटानं वाटी पुसून घेत होते, नावाच्या बाजूनं जरा जपून.

मीही तेच लिहिलं.