एक ठसा, पास

साखरेच्या डब्याला फोन टेकवून मामा चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छच होता. परंतु तपासणीपूर्वी तो पुसायचा, हा नोकरीतला शिरस्ता निवृत्तीनंतरही सुटला नव्हता.

"अहो, मतच द्यायचंय ना? पोराच्या सिनेमाला छान म्हणा आणि चहा प्या. गार होतोय," मामी म्हणाल्या.

"छान हे मत नव्हे. तो नुसता उद्गार झाला," मामांनी उत्तर दिले आणि चष्मा चढवला.

प्रसंग तसा गंभीर होता. मामांच्या भाच्याने विमा कचेरीतली नोकरी सोडून चार मित्रांच्या मदतीने एक चित्रपट काढला होता. नाव होते 'कृपया थांबा, काम बंद आहे'. त्याला सलग गोष्ट नव्हती. टोप्या उडवणाऱ्या लहान लहान प्रसंगांची ती माळ होती. चित्रपटगृहाच्या मालकाने मोठ्या मनाने सकाळचा खेळ दिला होता आणि वर बजावले होते, "लोकांची मतं बघतो. बरी आली तर शुक्रवारपासून संध्याकाळचा खेळ. नाहीतर उतरवतो." उतरला असता तर भाच्याला पुन्हा त्याच कचेरीत, त्याच साहेबापुढे उभे राहावे लागले असते. त्याच्या आईने, म्हणजे मामांच्या धाकट्या बहिणीने, कचेरीचा शर्ट इस्त्री करून आधीच खुंटीला लावून ठेवला होता.

म्हणून भाच्याने विनवले होते, "मामा, बघून झाला की फोनवर मत द्या हं. आणि तुमच्या कारखान्यातल्या मंडळींनाही सांगा."

मामांचा सारा जन्म ओतकामाच्या कारखान्यात तपासनीस म्हणून गेला होता. साच्यातून निघालेला प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावर येई. मामा तो उलटसुलट पाहत, हातोडीने वाजवत आणि पोलादी ठशाचा एक घाव घालत. एक ठसा म्हणजे पाहिला, पास. त्यानंतर जेवढे दोष सापडतील तेवढे जादा ठसे. आणि ज्या मालावर पाच ठसे पडले, तो कुणालाही न विचारता परत भट्टीत जाई.

फोनच्या पडद्यावर आता पाच रिकामे तारे एका ओळीत उभे होते. व्यवस्था ओळखीचीच निघाल्यामुळे मामांना बरे वाटले. त्यांनी पहिल्या ताऱ्यावर बोट ठेवले. तो पिवळा झाला. उरलेल्या चौघांकडे त्यांनी एकवार प्रेमाने पाहिले आणि ते कोरेच राहू दिले. मग खाली शेरा लिहिला: "रांगेचा प्रसंग तपासला. रांग कशाची हे कुणालाच ठाऊक नाही, आणि अगदी पुढचा मनुष्य केवळ भिंतीला पाठ घासत उभा आहे, हे उघड होते तेव्हा मोठ्याने हसू आले. पत्नीने कोपर मारले. कोठेही तडा आढळला नाही. पुन्हा पाहण्यास योग्य."

त्यानंतर त्यांनी आपल्या जुन्या मित्राला, कारखान्याच्या निवृत्त फोरमनला फोन लावला.

"मंडळींनी पाहिला का?"

"पाहिला म्हणजे काय! अरे, ती खुर्ची मोडते आणि खुर्चीवर समिती नेमतात ना, तिथं माझी कवळीच निसटली."

"मग शेऱ्यात लिही तसं. आणि सगळ्यांना बजाव, ठसा एकच. म्हातारी बोटं आहेत, दुसरा चुकून पडायला नको."

"ते मला शिकवतोस होय?" फोरमन म्हणाला.

कारखान्याची शिस्त निवृत्तांतही टिकून होती. दिवस मावळण्यापूर्वी सर्वांची मते नोंदली गेली, आणि मामांनी थंड झालेला चहा समाधानाने पुन्हा गरम करून घेतला.

दिवेलागणीला भाचा आला. चपला काढायचेही त्याला भान नव्हते.

"मामा, संपलं सगळं. कुणीतरी डूख धरून बसलंय माझ्यावर. एका दिवसात ही एवढी मतं, आणि झाडून सगळ्यांचा एकच तारा!"

"झाडून सगळ्यांचा?" मामांचा चेहरा उजळला. "एकसुद्धा चुकला नाही?"

"एकसुद्धा नाही. आणि काय लिहिलंय बघा." भाचा रडवेल्या आवाजात वाचू लागला, "'समितीचा प्रसंग पाहताना कवळी निसटली. दोष कवळीचा आहे, चित्रपटाचा नव्हे.' हे दुसरं. 'पुढारी फीत कापताना कात्री उलटी धरतो. आमच्या कारखान्याच्या उद्घाटनातही अशीच धरली होती. वस्तुस्थितीस धरून आहे.' म्हणजे मधेच स्तुती, वर तारा एक. मामा, ही माणसं थट्टा करतायत माझी!"

"थट्टा कसली? पास केलंय तुला त्यांनी! पाच पडले असते तर गेला असतास भट्टीत."

मामींनी कपाळाला हात लावला.

"अहो, काय केलंत तुम्ही? पाच म्हणजे चांगलं असतं. आपली ती नवी गादी पाच तारे बघूनच मागवली ना मी!"

"म्हणजे मी रोज ज्या गादीवर झोपतो," मामांनी एकेक शब्द जपून ठेवत विचारले, "ती पाच ठशांची आहे?"

"हो."

"तरीच पाठ धरते."

परंतु विनोदाची वेळ नव्हती, हे त्यांनाही उमगले. भाचा खुर्चीत बसला होता आणि जमिनीकडे पाहत होता. ज्या मामाच्या टेबलावरून कधी सदोष माल बाहेर गेला नाही, त्याच मामाने घरचा निर्दोष माल स्वहस्ते भंगारात काढला होता. मामांनी तडक फोरमनला फोन लावला.

"घोटाळा झालाय. सगळ्यांना सांग, पाच तारे करा."

"पाच?" फोरमन ओरडला. "सख्ख्या भाच्याला भट्टीत घालतोस? शुद्धीवर आहेस ना?"

मामांनी उलटा हिशेब समजावून सांगितला. फोरमनने तो दोनदा वदवून घेतला.

"ते ठीक आहे. पण पास केलेल्या मालाचा शिक्का फेरतपासणीशिवाय बदलायचा नाही. नियम कुणी केला होता?"

"मी," मामा खोल गेलेल्या आवाजात म्हणाले.

"मग झालं. उद्या सकाळी आम्ही सगळे परत सिनेमा बघतो. बघून झाला की तिथंच बसून ठसे वाढवतो. नियम म्हणजे नियम."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला चित्रपटगृहाच्या मालकाचा निरोप आला, "मतांबद्दल बोलायचंय. लगेच या." त्या निरोपातून बरेवाईट काहीच कळत नव्हते, म्हणून मामा-भाचे दोघांनीही वाईटच गृहीत धरले आणि ते बरोबरच निघाले. वाटेत मामा पुनःपुन्हा म्हणत होते, "मी सांगतो त्यांना. चूक माझी आहे. तू बोलू नकोस."

चित्रपटगृहापाशी मात्र गर्दी होती. दाराजवळच्या फळ्यावर कुणीतरी ठळक अक्षरांत मते उतरवून काढली होती, आणि लोक ती एकमेकांना वाचून दाखवत होते. 'दोष कवळीचा आहे' या वाक्यापाशी एक बाई पोट धरून हसत होत्या. मालक धावतच बाहेर आला.

"या, या! अहो, कुठून आणलीत ही माणसं? तारा एक आणि खाली 'पुन्हा पाहण्यास योग्य'! लोक म्हणतात, हा सिनेमाचाच पुढचा प्रसंग आहे, तपासणी समितीवरचा. सकाळपासून खिडकीवर रांग आहे."

"रांग कशाची ते ठाऊक आहे ना त्यांना?" भाच्याच्या तोंडून निघून गेले.

"पण तो एक तारा..." मामांनी घसा साफ केला. "ते दुरुस्त करायला हवं. खरं म्हणजे पाच द्यायचे होते."

"छे! पाचाला हात लावू नका. पाच तारे सगळ्यांचे काकामामाच देतात. लोक शहाणे झालेत आता. हे एक तारावाले नक्की परके आहेत, म्हणून तर विश्वास बसतो."

मामा आयुष्यात खोटे बोलले नव्हते. ते ताठ उभे राहिले. "मी या मुलाचा सख्खा मामा आहे. पहिला तारा माझाच."

मालकाने भाच्याच्या पाठीवर थाप मारली आणि तो खदखदून हसला. "हो का? मग मी याची मावशी! कामाला ठेवा या गृहस्थांना पुढच्या सिनेमात. ऐका, शुक्रवारपासून संध्याकाळचा खेळ तुमचा. फक्त ती मतं आहेत तशी राहू द्या."

भाच्याने डोळे मिटून घेतले आणि उघडले. मामांनी मात्र डोळे विस्फारले.

"अरे देवा! फेरतपासणी!"

ते वयाला न शोभणाऱ्या वेगाने आत धावले. खेळ संपत आला होता. अंधारात एका ओळीत फोन उजळले होते आणि प्रत्येक फोनवर एकेक सुरकुतलेले बोट उगारलेले होते.

"थांबा!" मामा गरजले. "कुणीही ठसा वाढवू नका! माल आहे तसा पास!"

सारे प्रेक्षक मागे वळले आणि हाही चित्रपटाचाच भाग असावा अशा समजुतीने त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. फोरमनने बोट मागे घेतले.

"मग भट्टी?"

"भट्टी नाही. संध्याकाळचा खेळ!"

"मी तेव्हाच म्हणत होतो," फोरमन कवळी सावरत म्हणाला, "एकदा तपासलेलं परत तपासायची गरज नसते."

बहिणीने कचेरीचा शर्ट खुंटीवरून काढला, घडी घातली आणि कपाटात अगदी तळाशी ठेवून दिला. मामांच्या छातीवरचा दगड उतरला; पाठीचे दुखणे तेवढे राहिले. म्हणून त्यांनी पुन्हा चष्मा पुसला, फोन साखरेच्या डब्याला टेकवला आणि या वेळी पूर्ण विचारांती, जगाच्या रीतीनुसार, गादीला एक तारा दिला. शेरा लिहिला: "मध्यभागी खड्डा. कडा ढिल्या. एकदा झोपलेला मनुष्य सहजी उठत नाही."

संध्याकाळी मामी शेजारच्या कुंपणापाशी बोलून परत आल्या, त्या तोंडाला पदर लावूनच.

"अहो, सिनेमाची सगळी गंमत मी शेजारीणबाईंना सांगितली होती ना, त्यांनी तुमचं गादीचं मत वाचलं."

"मग? वाचल्या ना बिचाऱ्या?"

"कसल्या वाचतायत! दोन मागवल्या. म्हणाल्या, 'मामांनी एकच तारा दिलाय, आणि उठवत नाही इतकी छान झोप लागते म्हणतात. मग बघायलाच नको.'"